नोंदवही कुणाची

सेंट जॉन्सला धुकं आमच्याआधी कामावर येतं.
आज ते जिन्यापाशी उभं राहून बघत होतं,
वकील संघ घर सोडून चालला होता.

एकोणसाठ वर्षं एका छपराखाली दोन चुली:
खालच्या मजल्यावर संघ, वकिलांच्या बाजूचा,
वरच्या मजल्यावर नियामक मंडळ, वकिलांवर नजर ठेवणारं.
पाटी मात्र एकच. शिक्का एक. टेलिफोन एक.
आणि टेलिफोनवर मी, एफी टिझर्ड,
सकाळी पाठीवर हात ठेवायची
आणि दुपारी त्याच हातानं कान धरायची.

वाटण्या बिनतंट्याच्या झाल्या.
वकीलच ते, फी नसली की भांडत नाहीत.
लांब टेबल त्यांना, खुर्च्या आम्हाला.
किटली आमची. तिचं झाकण वर राहिलं,
ते मागायला कुणी गेलं नाही.
जुन्या अध्यक्षांच्या तसबिरी दोघांनाही नको होत्या,
त्या सेल्बी नोझवर्दीच्या गॅरेजमध्ये गेल्या,
बर्फ उपसायच्या फावड्यांमागे.

अडलं ते नोंदवहीपाशी.
जाड, सीलच्या कातड्यात बांधलेली.
पानाच्या पुढच्या अंगाला सनद मिळालेल्यांची नावं, काळ्या शाईत,
त्याच पानाच्या पाठीला सनद गेलेल्यांची, लाल.
फाडून वाटावी तर कशी?

लिअँडर पाइकचं नाव दोन्ही अंगांना आहे.

फेब्रुवारी होता. वादळानं रस्ते बंद,
मी कचेरीतच अडकलेली. फोन वाजला.
"एफी, मी काहीतरी करून बसलोय.
अशिलाचा पैसा..."
मी त्याला थांबवलं. थांबवावंच लागलं.
"लिअँडर, आधी ऐक. हा फोन वरच्या मजल्याचाही आहे.
तू सांगशील ते मला लिहावं लागेल."
लाइनवर बराच वेळ वारा होता.
मग तोही नव्हता.
जूनमध्ये लाल शाईची बाटली मीच उघडली.

त्याला वाचवलं असतं असं मी म्हणत नाही.
ड्रुसिला हॅननं नवऱ्याची बोट विकली होती,
ते पैसे त्याच्या खात्यातून गेले.
ती अजून दुकानात मला बघितलं
की मान खाली घालून नाणी मोजत राहते.
तिच्यासाठी वरचा मजला हवाच.
छडी हवी कुणाच्या तरी हातात.
पण छडी आणि कांबळं एकाच खुंटीला टांगलं
की काकडणारा माणूस
कांबळ्यालाही हात लावायला कचरतो.

शेवटी नोंदवही वरच राहिली.
आम्हाला झेरॉक्स मिळाली.
झेरॉक्समध्ये लाल शाईसुद्धा काळीच उमटते;
मी रात्री पानं चाळत बसले,
कोण आत, कोण बाहेर, कळेना.

नवी जागा बेकरीच्या वर.
पहाटे चारपासून पावाचा वास, पायाखाली ऊब,
आणि भाडं.
वर्गणी आता मर्जीची:
चारशे बारापैकी एकशे सहा जणांनी भरली.
अध्यक्षबाई म्हणतात, वाढतील.
वेगळं निघालेल्या घरात पहिल्या महिन्यात
सगळे असंच म्हणतात.

पाचव्या दिवशी, दिवेलागणीला,
नवा फोन पहिल्यांदा वाजला.
कोवळा आवाज. नाव सांगेना.
"हा फोन... नक्की कुणाचा आहे?"

बघते तर हातात पेन.
कधी उचललं कोण जाणे,
एकतीस वर्षांचा हात, त्याला कुठली वाटणी ठाऊक.
किटलीवर झाकणाऐवजी बशी ठेवलीय,
पेन त्या बशीत ठेवलं.
जरा वाजलं.

"आमचा," मी म्हटलं. "बोल."

तो लगेच बोलला नाही.
खाली कुणीतरी भट्टीचं दार उघडून परत लावलं.
मी थांबले.